कपात ऑक्टोबरमध्येच मागा!

लातूरची पाण्याची रेल्वे माहितीये ना? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, जेमतेम पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पण मांजरा धरण काही एका रात्रीत आटलं नव्हतं!

धरणातल्या पाण्याचा वर्षाचा हिशेब १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर मांडतात. पिण्याचं पाणी आधी राखायचं, बाष्पीभवन वजा करायचं, उरेल ते शेतीला नि उद्योगांना. हा हिशेब जूनपर्यंत नाही, ऑगस्टपर्यंत धरायला हवा; पाऊस लांबतोच. कागदावर सोपं आहे. पण नळ धो धो वाहत असताना कपात जाहीर करायला धाडस लागतं राव! (निवडणूक जवळ असेल तर विचारूच नका.) मग मृतसाठा उपसा, टँकर मोजा.

नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आलं तर होस्टेलवर कुरकुर होईल, होऊ दे. मे महिन्यात दहा दिवसांनी आलं तर बॅग भरून घरीच जावं लागेल. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत क्रिकेटच्या स्कोअरसोबत आपल्या धरणाचा उपयुक्त साठाही बघा. निम्म्याखाली असेल, तर थेट नगरसेवकाला गाठा आणि विचारा, कपात कधीपासून?