जखम एका मुलाची नाही, पिढ्यांची आहे

वस्तीतला एखादा मुलगा वर्गात बोलत नाही, चिडतो, शाळा बुडवतो. शाळेचा शेरा ठरलेला असतो : "घरचं वातावरण चांगलं नाही." हे वातावरण बिघडवलं कुणी, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारत नव्हतो. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाच्या गृहभेट अहवालात आम्ही लिहिलं होतं, "पालकांचे दुर्लक्ष." बाप पहाटे चारला कचऱ्याच्या गाडीवर जायचा, आई धुणीभांडी करायची. हे दुर्लक्ष नव्हतं, ती गरिबी होती. आणि त्या गरिबीला जात आहे. समाजशास्त्रात एम.ए. करूनही आमच्या हातून तो शेरा गेला.

आमची चूक आम्हाला दाखवली ती मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांच्या संशोधनाने. त्या अमेरिकेतल्या लाकोटा या मूलनिवासी समाजातल्या समाजकार्य अभ्यासक. त्यांनी 'ऐतिहासिक आघात' ही संकल्पना मांडली : एका समूहावर झालेल्या प्रचंड अत्याचाराची मानसिक जखम साचत जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

१८९० साली वूंडेड नी येथे लाकोटांची कत्तल झाली. त्याआधीच, १८७९ मध्ये, पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल निवासी शाळा सुरू झाली होती. अशा शेकडो शाळांत मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून आणलं गेलं. त्यांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. किमान ९७३ मुलं या शाळांत मेली, हे अमेरिकी सरकारनेच २०२४ च्या अहवालात मान्य केलं. ज्यांना बालपणी मायेचा हात मिळाला नाही, त्यांनी आईबाप झाल्यावर ती माया शिकायची कुठून? मग समाजसेवक आले, त्यांनी घरातलं दारिद्र्य आणि दारू पाहिली, 'दुर्लक्ष' असं लिहिलं आणि पुन्हा मुलं उचलली. १९७० च्या दशकातल्या पाहण्यांनुसार २५ ते ३५ टक्के मूलनिवासी मुलं कुटुंबापासून वेगळी केली गेली होती. हे थांबवायला १९७८ साली 'इंडियन चाइल्ड वेल्फेअर अॅक्ट' आणावा लागला. म्हणजे 'बालकल्याण' या गोंडस नावाखाली आमच्याच पेशाने अत्याचार पुढे चालवला होता.

लाकोटांचा इतिहास आणि आपला इतिहास एक नाही. त्यांची भूमी हिरावली. आपल्याला गावाचं काम करायला ठेवून गावाबाहेर बसवलं. पण मुलं तोडण्याचा प्रकार आपल्याकडेही झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची तरतूद आली. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांच्या आठवणीत आजही आहे.

आणि बालमनावरचा घाव म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ती मुलं, मसूर स्टेशन, विटाळाच्या भीतीने गाडी हाकायला नकार देणारा गाडीवान, पाण्यावाचून काढलेली रात्र. तो प्रसंग त्यांनी तीस-पस्तीस वर्षांनी लिहिला. इतक्या काळाने तो लिहावासा वाटला, यातच सगळं आलं.

काही मित्र म्हणतात, "आघात-बिघात बोलून समाज रडका होतो, आपल्याला लढायचं आहे." हा आक्षेप आम्हाला अर्धाच पटतो. ब्रेव्ह हार्ट यांनी उपचाराचे चार टप्पे सांगितले : इतिहासाला सामोरं जाणं, तो समजून घेणं, दुःख मोकळं करणं आणि त्या आघाताच्या पलीकडे जाणं. यात रडत बसणं कुठे आहे? महाडचं पाणी, मनुस्मृतीचं दहन, १९५६ ची धम्मदीक्षा, हे आपल्या समाजाने सामूहिकपणे चाललेले टप्पेच आहेत. अमेरिकेने १८८३ पासून मूलनिवासींच्या विधींवर बंदी घातली, त्यांना धड शोकही करू दिला नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराला 'गर्दी' म्हणून नाकं मुरडणारे तरी वेगळं काय करतात?

पण जे आपण मैदानात केलं, ते घरात केलं नाही. आजोबांना चहाची वेगळी कपबशी ठेवली जायची, हे नातवाला माहीत नसतं. त्याला फक्त घरातला राग आणि गप्पपणा मिळतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. विहारातल्या रविवारच्या वर्गात आजी-आजोबांना बोलतं करा. शाळेने मुलावर शिक्का मारला तर त्या घरच्या तीन पिढ्यांची हकिकत घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसा. समाजकार्य शिकत असाल तर अहवालात गरिबीला दुर्लक्ष लिहू नका. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, असं २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो. आणि समुपदेशकाला विचारा, तुमच्या प्रश्नावलीत जात कुठे आहे?

आमचा तो जुना अहवाल आता बदलता येणार नाही. पुढचा मात्र आम्ही वेगळा लिहू. तुम्हीही लिहा.

जय भीम!