आजीच्या चंचीतील चिठ्ठी

मुळशीच्या आमच्या वाडीतून रोज दूध डेअरीला जाते. त्याचा आकडा दोन ठिकाणी लिहितात. डेअरीच्या रजिस्टरात आणि आमच्या कार्डात. मागाहून खाडाखोड केली तर लगेच पकडली जाते. ब्लॉकचेनविषयी वाचताना मला हे कार्डच आठवले. तेथे वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. एक आकडा बदलला की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. गडचिरोलीतील एटापल्लीत २०२२ साली ६५ हजार जातप्रमाणपत्रांसाठी हीच युक्ती हाती घेण्यात आली.

आता साखर मोजणारी, हृदयाचे ठोके पाठविणारी, नेटला जोडलेली यंत्रेही या साखळीत आणावीत, असे म्हणतात. भीती खोटी नाही. अमेरिकेत २०१७ साली सुमारे ४,६५,००० पेसमेकरांत बाहेरून शिरकाव होऊ शकेल असे आढळले, आणि त्यांत सुधारित प्रोग्राम भरावा लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक सायबर हल्ल्याने बंद पडले व कित्येक दिवस कामकाज कागदावर चालले.

तरीही मला शंका आहे. गेल्या वर्षी एका शिबिरात आजीची साखर तपासली. आकडा यंत्रातून परस्पर संगणकात गेला, पण तिच्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर! (आमच्याकडे एका नावाच्या चार म्हाताऱ्या सहज निघतील.) त्या बाईचा आकडा आजीच्या नावावर पडला. गोळी वाढली, आजीला दोनदा चक्कर आली. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून रिपोर्ट वाचणे माझ्याकडे. मला त्यात काहीच चूक दिसली नाही. आजीनेच चंचीतून, पानसुपारीच्या खालून, एक चिठ्ठी काढली. शिबिरातल्या मुलीने आकडा त्यावर हाताने लिहून दिला होता.

साखळी असती तर ती चुकीची नोंदच तिने इमानाने जपली असती. डेअरीवरही भांडण रजिस्टरावरून क्वचित होते. होते ते काट्यावरून आणि फॅटच्या यंत्रावरून. म्हणून आधी यंत्र कोणाच्या अंगाला लावले आहे याची खात्री हवी, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला हवा, आणि चूक झाल्यास दुरुस्तीची नोंद कोणी करायची तेही ठरलेले हवे. आणि वहीची एक प्रत रुग्णाच्या हाती, मराठीत, का नसावी? प्रती अनेक ठिकाणी ठेवायच्या, पण ज्याचे रक्त त्यालाच नाही, हा कोणता न्याय?

आजी अजूनही प्रत्येक तपासणीनंतर चिठ्ठी मागून घेते. मुले हसतात, पण लिहून देतात.