जुने, पण किती जुने?

आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचा जबडा उघडून पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे दातच सांगतात. विकणाऱ्यास काही सांगावे लागत नाही आणि लपविताही येत नाही. आज बेळगावच्या किंवा निपाणीच्या बाजारपेठेत जुना मोबाईल वा जुना लॅपटॉप घेण्यास जो उभा राहतो, त्याच्यापुढे असा जबडाच उघडत नाही. काच नवी, पाठ नवी, खोके नवे. आतल्या यंत्राने किती पावसाळे पाहिले आहेत हे दुकानदारास ठाऊक असते, आणि कित्येकदा त्यासही नसते. अशा मालास हल्ली 'रिफर्बिश्ड' असे भारदस्त नाव मिळाले आहे. ह्या नावाखाली विकणाऱ्यावर कोणते बंधन येते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

जुन्या वस्तूंचा व्यापार आम्हांस मुळीच निषिद्ध वाटत नाही. विडी वळून संसार ओढणारी निपाणीची माउली मुलीच्या शिक्षणासाठी नवा मोबाईल घेऊ शकत नसेल, तर तिला चांगला दुरुस्त केलेला जुना मोबाईल मिळावा ह्यात गैर ते काय? त्यावर गल्लीबोळांतील शेकडो हुन्नरी कारागिरांची चूल पेटते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरणारा आपला समाज आहे. मात्र कल्हई लावलेले भांडे आपल्याच घरी परत येत असे. आजचे यंत्र एका घरातून निघते, चार हातांतून फिरते आणि पाचव्या, अनोळखी घरात जाते. त्या चार हातांनी त्याचे काय केले, हे पाचव्याला कळणार कसे?

कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. जुना, पुन्हा बांधलेला किंवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यातील १९८४ च्या दुरुस्तीने म्हटले. तेच १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आले आणि तेच २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच वाक्य एका कायद्यातून दुसऱ्यात जात राहिले. पण हे वाक्य पकडते कोणाला? जुन्याला नवा म्हणणाऱ्याला. जो दुकानदार 'रिफर्बिश्ड' एवढा एकच शब्द उच्चारून गप्प बसतो, तो नवा म्हणतच नाही; त्याने खोटे विधान केले असे सिद्ध करणार तरी कसे? मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क ग्राहकास दिला खरा, परंतु जुन्या मालाविषयी विक्रेत्याने नेमके काय लिहून द्यावे हे कायद्याने कोठेच सांगितलेले नाही.

डागडुजी करून विकणाऱ्याची व्याख्या सापडते ती भलत्याच ठिकाणी! १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्याला नोंदणी करण्यास सांगितले आहे. हे नियम कचऱ्याचे. त्यांची नजर उरलेल्या भंगाराकडे, गिऱ्हाइकाकडे नव्हे. शिवाय सूक्ष्म उद्योगांस ते लागूच नाहीत. म्हणजे गल्लीतील बहुतेक दुकाने त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी खोक्यावर उत्पादकाचे नाव, निर्मितीचा महिना व वर्ष, किंमत छापणे सक्तीचे केले. पण जुने यंत्र नव्या खोक्यात शिरते तेव्हा तो महिना कोणता धरावयाचा? यंत्र जन्मले तो, की त्याची काच बदलली तो?

राहता राहिली ती 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' ही प्रतवारी. ती ज्याची त्याची आहे. एकाचा 'ए' तो दुसऱ्याचा 'बी'. निपाणी भागातील शेतकऱ्यास हे नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तंबाखूची पाने पिकवायची आपण आणि त्यांची किंमत ठरवायची व्यापाऱ्याने, ह्या दुःखापोटीच १९८१ साली हा शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर उतरला होता. ज्याला विकायचे आहे किंवा ज्याला घ्यायचे आहे, त्यानेच प्रत ठरविली की दुसरा पक्ष नाडला जातो, मग तो माल पान असो वा पडदा.

फ्रान्सने ह्या बाबतीत एक स्वच्छ पाऊल टाकले आहे. तेथील फेब्रुवारी २०२२ च्या हुकुमानुसार, वस्तूच्या सर्व कार्यांची चाचणी होऊन आवश्यक ती दुरुस्ती झाली असेल तरच तिला 'डागडुजी केलेली' म्हणता येते. आणि अशा वस्तूस 'नव्यासारखी' म्हणण्यास मनाई आहे. आपल्याकडील जाहिरातींतून हा 'नव्यासारखी' शब्द काढून टाकला, तर निम्म्या जाहिराती कोऱ्या पडतील!

आम्ही फ्रान्सएवढे मागत नाही. प्रत्येक दुकानावर निरीक्षक बसवा असे तर मुळीच म्हणत नाही. निरीक्षक आला की त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. २०१९ च्या कायद्याने विक्रीची पावती न देणे हीच अनुचित प्रथा ठरविली आहे, आणि त्या पावतीवर काय असावे हे २०२० च्या सर्वसाधारण नियमांनी सांगितले आहे: विक्रेत्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, मालाचे वर्णन. ह्याच नियमात केंद्र सरकारने जुन्या विद्युत्-उपकरणांपुरती थोडी भर घालावी. वस्तू वापरलेली आहे. तिच्या निर्मितीचे वर्ष अमुक. बॅटरी, पडदा वा अन्य कोणता भाग बदलला, तो मूळ कंपनीचा की दुसऱ्याचा. दुरुस्ती कोणी केली. हमी किती दिवसांची. मोबाईल असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक. एवढे लिहिण्यास प्रामाणिक दुकानदारास दोन मिनिटे लागतील. त्यासाठी संसदेत विधेयक नको, की नवे खाते नको. राजपत्रातील एक अधिसूचना पुरे आहे.

आणि हे लिहावयाचे कोणत्या भाषेत? वेष्टनावरील मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, अन्य भाषा ऐच्छिक, असा केंद्राचा नियम आहे. सीमाभागात त्याचा अर्थ असा, की खेड्यातून आलेल्या मराठी बाईच्याही नव्हे आणि कन्नड बाईच्याही नव्हे, अशा भाषेत सारे छापलेले असते. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवी, असा कायदा २०२४ साली झाला. पाटीवरचे टक्के मोजले जातात. आतल्या मोबाईलच्या बॅटरीत किती टक्के जीव उरला आहे, हे मात्र कोणी कोणत्याच भाषेत लिहून देत नाही. निदान ही पावती तरी गिऱ्हाईक मागेल त्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये, मिळावी. ह्यात भाषावादाचा प्रश्न येतोच कोठे?

हा विषय बेळगावपुरता नाही. चोर्ल्याचा घाट चढून गोव्याची, आंबोलीवरून सिंधुदुर्गाची, शिनोळीवरून चंदगडची माणसे ह्या पेठेत खरेदीस येतात. पूर्वीच्या कायद्याखाली तक्रार विक्रेत्याच्या किंवा व्यवहाराच्या ठिकाणीच करावी लागे. पाच-दहा हजारांच्या यंत्रापायी पुन्हापुन्हा घाट चढणे कोणास परवडणार? २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. दार असे घरापाशी आले. पण आत गेल्यावर दाखवायचे काय? मोडके यंत्र आणि नुसता 'मोबाईल, नग १' लिहिलेला चिठोरा?

नियमात दुरुस्ती होईपर्यंत आमच्या वाचकांनी एवढे तरी करावे. पैसे देण्यापूर्वी त्याच मोबाईलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून पडद्यावर येणारा पंधरा अंकी क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा; यंत्र कोणत्या कंपनीचे व कोणत्या जातीचे आहे हे कळते. क्रमांकात फेरफार करणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, तेव्हा तो जुळत नसेल तर मोबाईल घेऊच नये. मग पावतीवर 'जुना' हा शब्द, तो क्रमांक आणि बदललेले भाग दुकानदाराच्या हस्ताक्षरात मागून घ्यावेत. त्यास तो राजी नसेल, तर शेजारच्या दुकानात चौकशी करावी.