शोकाचीही शुश्रूषा

रोग बरा होणार नाही असे ठरले की रुग्णाला घरी न्यावयास सांगून रुग्णालयाने मोकळे व्हावे, ही आपल्याकडची जुनी रीत. डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना आश्रम काढून ती मोडली. देशातील ह्या पहिल्या हॉस्पिसची शाखा पुढे आमच्या गोमंतकात लोटलीला आली आणि अखेरच्या अवस्थेतील कर्करोग्यांची जातधर्म न विचारता तेथे विनामूल्य शुश्रूषा होते, हे वाचक जाणतातच.

आज हा विषय आम्ही काढला तो मात्र आदिलाबादसाठी. पैनगंगेपलीकडचा हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ च्या पुनर्रचनेत त्यातील राजुरा व किनवट मुंबई राज्याला मिळाले. उरलेला भाग आंध्रात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. बेला, जैनथ ह्या बाजूच्या गावांत घरची भाषा आजही मराठी, डोंगरात गोंडी आणि कचेरीत तेलुगू. तेलंगण सरकारने चेवेळ्ळ्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत उपशामक सेवेची केंद्रे काढली, त्यांत आदिलाबाद आरंभीच घेतले गेले. असाध्य रोगाच्या वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन द्यावे, जखमा धुवाव्यात, अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जावे, हे त्यांचे काम. ते मोलाचे आहे यात शंका नाही.

परंतु वेदना केवळ देहाची नसते. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी मरणोन्मुखाच्या दुःखात देह, मन, संसार आणि श्रद्धा ही चारही अंगे एकत्र धरली. आपल्याकडे त्याला नाव नसेल, अनुभव आहे. माझ्याच वाट्याला हे का आले, नवस फेडायचा राहिला त्याचे काय, भावाशी वीस वर्षांचा अबोला तसाच राहणार काय, हे प्रश्न मॉर्फिनने सुटत नाहीत. कापसाच्या बाजारात तेलुगूत व्यवहार करणारा शेतकरी मृत्यूविषयी बोलायची वेळ आली की आईच्याच भाषेत बोलतो. त्या क्षणी समोर बसलेल्याला ती कळली नाही, तर तो गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यालाच आपण शांत मरण म्हणतो!

ऐकणे म्हणजे प्रवचन नव्हे. आजाऱ्याच्या उशाशी बसून पूर्वजन्मीचे भोग सांगणारे हितचिंतक आपल्या समाजात थोडे नाहीत. त्यांना आधी दाराबाहेर ठेवले पाहिजे. त्याच्या दुबळेपणाचा लाभ घेऊन दुसऱ्या देवाची ओळख करून देणाऱ्यांनाही तोच न्याय. रुग्णाला भजन हवे असेल तर भजन, मौन हवे असेल तर मौन.

मृत्यूनंतरचा प्रश्न तर आणखी बिकट. दहावा, तेरावा ह्या विधींत मोठे शहाणपण आहे, कारण तोवर घर माणसांनी भरलेले असते. अलीकडे त्यातले बरेचसे लक्ष जेवणावळीकडे जाते, ही गोष्ट निराळी. चौदाव्या दिवशी मात्र विधवा एकटी असते आणि सावकार दारात. आदिलाबादच्या गोंडांत प्रधान किंगरी वाजवून मृताला कुळाच्या दैवताशी, परसा पेनशी, जोडून देतो. शोक ही एका घराची नव्हे, अवघ्या कुळाची बाब मानली जाते. मानवशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्या पत्नी बेटी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईला आहे, आणि परक्या देशातून आलेल्या ह्या दांपत्याची स्मृती ते गोंड गाव अजून पाळते. असे शहाणपण दाराशी असताना शोकाच्या शुश्रूषेचा विचार सरकारी योजनांत डॉक्टर आणि परिचारिकांच्या मागून, उरल्या वेळेपुरता व्हावा, हे आम्हांस पटत नाही.

आमचे मागणे लहान आहे. केंद्राच्या पथकात मराठी आणि गोंडी जाणणारी, त्याच भागातील एखादी प्रौढ स्त्री किंवा पुरुष पगारावर नेमावा आणि ऐकण्याचे शिक्षण त्याला द्यावे. एरवी मृत्यू झाला की रुग्णाचे नाव यादीतून कमी होते. ते तसे न करता तेराव्यानंतर एकदा, तीन महिन्यांनी एकदा आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास एकदा पथकाने त्या घरी जावे. गाडी त्याच रस्त्याने जातेच. आमच्या गोव्यातही कोंकणी-मराठी बोलणाऱ्या घरांना ह्या तीन भेटी लागतील. पणजीच्या आरोग्य खात्याने त्यांचा हिशेब मांडायला हरकत नाही.