रंकाळ्याची तपासणी पहाटे हवी

रंकाळ्याचे पाणी हिरवे झाले, वास सुटला, मासे मेले की पाण्याच्या तपासणीची मागणी होते. ती रास्तच आहे. पण नमुना किती वाजता घ्यायचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तलावाचे खरे दुखणे त्यावरच कळते.

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ, म्हणजेच वनस्पतीप्लवक, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे याच जीवांकडून होते. मात्र प्रकाश सगळीकडे सारखा पोहोचत नाही. अरबी समुद्राच्या नितळ, खोल भागात तो कित्येक मीटर खाली जातो. पण तिथे वरच्या थरात पोषक क्षारांची वानवा असते. पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांत क्षार मुबलक असतात, पण गढूळपणामुळे प्रकाश थोड्याच अंतरावर अडतो. म्हणजे कुठे खत कमी, कुठे ऊन कमी. निसर्गाचा तोल असा सांभाळला जातो.

रंकाळ्यात हा तोल ढळला. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहतो, ऊन तर आहेच. अशा पाण्यात निळे-हिरवे शेवाळ फोफावते. त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने ते पृष्ठभागावर येऊन उजेड अडवते. खालचे पाणी दिवसाढवळ्या अंधारात राहते. काही प्रजाती मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विषही तयार करतात. म्हणून अशा साय धरलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये, जनावरांना ते पाजू नये.

दुपारी अशा पाण्यात प्राणवायू भरपूर दिसतो. रात्री चित्र उलटते. प्रकाशसंश्लेषण थांबते, पण शेवाळ, जिवाणू, मासे सगळ्यांचे श्वसन चालूच असते. पहाटे प्राणवायू तळाला जातो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. दुपारच्या नमुन्यात उत्तीर्ण झालेला तलाव पहाटे नापास असू शकतो.

म्हणून नमुने सूर्योदयापूर्वी आणि दुपारी, वरून आणि तळाजवळून, असे दोन्ही घ्यावेत आणि आकडे जाहीर करावेत. पाण्याची पारदर्शकता मोजायला दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पुरते. ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये रूढ केलेली ही पद्धत शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थी सहज राबवू शकतील.

शेवाळ काढणे किंवा कारंजी लावणे हे तात्पुरते उपाय झाले. ऊन आपल्या हातात नाही. नाल्यातून येणारे सांडपाणी मात्र आहे. ते अडवले, तरच रंकाळ्याला पहाटे मोकळा श्वास घेता येईल.