परतून येणारे अल्बम

डिसेंबर लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सरत्या वर्षातील उत्तम पुस्तके, चित्रपट आणि संगीताचे अल्बम यांच्या याद्या छापून येतात, आणि त्या सर्वांमागे एक गृहीतक असते, ते म्हणजे कलाकृती ज्या वर्षी प्रकाशित झाली तेच तिचे वर्ष. सोलापुरातील एखाद्या रसिकाने अशी यादी करावयास घेतली, तर हे गृहीतक पहिल्याच नावाशी अडखळते, कारण त्याने वर्षभर जे मनापासून ऐकलेले असते त्यातील बराचसा भाग त्या वर्षी निघालेलाच नसतो. त्याचे ऐकणे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपासून सुरू होते आणि रामनवमी, भीमजयंती, लग्नसराई, आषाढी व गणेशोत्सव या टप्प्यांनी पुढे सरकते. म्हणून या शहराच्या यादीत अल्बम कधी निघाला यापेक्षा पुढच्या वर्षी त्याच दिवसांत तो पुन्हा लावला जातो की नाही, ही कसोटी अधिक योग्य ठरते.

अल्बम म्हणजे एका क्रमाने बांधलेला आणि सलग ऐकण्यासाठी योजलेला गाण्यांचा संच, आणि त्याची लांबी कलावंताच्या इच्छेइतकीच यंत्राच्या क्षमतेनेही ठरत आली आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, तर १९४८ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या प्रत्येक बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि तिच्या तासाभराच्या फितीत आठ-दहा गाणी सहज सामावली, परंतु भारतात तिचा खरा परिणाम १९८०च्या दशकात दिसला. तोपर्यंत कोणाचा आवाज तबकडीवर यावा, हे प्रामुख्याने ग्रामोफोन कंपनी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील एचएमव्ही, ठरवीत असे. स्वस्त कॅसेटमुळे लहान कंपन्याही या व्यवसायात उतरल्या आणि आषाढी, गणपती, चौदा एप्रिल अशा दिवसांच्या आधी त्या त्या प्रसंगाची कॅसेट काढण्याचा रिवाज पडला. अल्बम पंचांगाला बांधला गेला तो अशा रीतीने.

पंचांगाशी जुळलेल्या मराठी संगीताचा एक ठळक नमुना मात्र कॅसेटच्याही आधीचा आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'चे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गीते सादर झाली. तेव्हा अल्बम हे रूप मराठी श्रोत्याच्या हाती नव्हते. तरीही एक कथा, एक कवी, एक संगीतकार आणि ठरलेला क्रम ही अल्बमची सारी लक्षणे या रचनेत होती, त्यामुळे पुढे तबकड्यांचा संच निघाला तेव्हा तिला नवे रूप द्यावे लागले नाही. सोलापूरशी माडगूळकरांचा संबंध दुहेरी आहे. ते जिल्ह्याला लागून असलेल्या माणदेशातील होते. शिवाय सोलापूरचा उत्तर पेशवाईतील शाहीर राम जोशी याच्यावरील 'लोकशाहीर राम जोशी' या १९४७ सालच्या चित्रपटाची गीते त्यांनीच लिहिली होती.

रामनवमी सरते न सरते तोच येणाऱ्या भीमजयंतीचे संगीत याद्या करणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. भीमगीत म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन, विचार आणि चळवळ यांवर रचलेले गीत. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी ते गावोगावच्या जलशांतून वाढविले आणि कॅसेटने ते घरोघर नेले. या प्रवासात प्रल्हाद शिंदे यांचे स्थान विशेष आहे. कव्वालीच्या मुशीत घडलेला, वरच्या पट्टीत न चिरकणारा आणि ध्वनिक्षेपकावरून दूर गेला तरी शब्द न सोडणारा त्यांचा आवाज चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजतो आणि आषाढीत पंढरपूरच्या वाटेवरही वाजतो. पंचांगातील हे दोन दिवस दोन वेगळ्या परंपरांचे आहेत आणि त्यांच्यामध्ये कडवट इतिहास आहे. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याला विठ्ठलाच्या दाराबाहेर राहावे लागले आणि ते दार दलितांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. ज्या समाजाला मंदिरात प्रवेश नव्हता त्या समाजातील गायकाच्या विठ्ठलगीतांनी पुढे वारीचा रस्ता व्यापला आणि त्याच गायकाने भीमगीतेही तितक्याच ताकदीने गायिली, ही घटना मराठी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने नोंदली गेलेली नाही. भक्तिसंगीत एका रकान्यात आणि चळवळीचे संगीत दुसऱ्या रकान्यात ठेवणाऱ्या समीक्षेला हा आवाज कोठे ठेवावा हे समजले नाही. श्रोत्यांना ती अडचण कधी आली नाही.

आषाढीच्या दिवसांत दुसरा आवाज पंडित भीमसेन जोशी यांचा. राम फाटक, श्रीनिवास खळे आदी संगीतकारांच्या चालींतील त्यांच्या 'अभंगवाणी'ने संतांच्या रचना ख्यालगायकीच्या, म्हणजे रागाचा क्रमशः विस्तार करणाऱ्या शास्त्रीय गायनाच्या, अंगाने मांडल्या, परंतु टाळ आणि पखवाज यांची लय सोडली नाही; त्यामुळे भजनी मंडळातील श्रोता आणि मैफलीचा श्रोता या दोघांनाही ती आपली वाटली. सोलापूरसाठी या गायनाला आणखी एक पदर आहे. भीमसेनांची मायबोली कन्नड, आणि त्यांनी पुरंदरदासादी हरिदासांची कन्नड पदेही गायिली आहेत, ज्यांचा आराध्य देव विठ्ठलच आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या या शहरात त्यांचे मराठी अभंग आणि कन्नड पदे एकाच घरात, एकाच श्रद्धेने ऐकली जातात, आणि कोणत्याही एका भाषेची वार्षिक यादी हे ऐकणे पूर्णपणे टिपू शकत नाही.

चित्रपटसंगीताकडे वळल्यास जिल्ह्याचे स्वतःचे म्हणावे असे वर्ष २०१६ हे होय. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तो उन्हाळा मराठवाड्याप्रमाणे सोलापूर जिल्ह्यालाही कडक दुष्काळाचा होता, आणि त्याच उन्हाळ्याच्या लग्नसराईत अजय-अतुल यांची ही गाणी वरातींत शिरली. अल्बममध्ये गाणी चारच, एकूण कालावधी सुमारे वीस मिनिटांचा, म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूइतका. वाद्यवृंदाचे, म्हणजे व्हायोलिन कुळातील तंतुवाद्ये आणि पितळी सुषिरवाद्ये यांच्या मोठ्या ताफ्याचे, ध्वनिमुद्रण हॉलिवूडमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात झाले, तर शब्दांची बोली करमाळ्याकडील राहिली. ग्रामीण विषयाला ग्रामीण वाद्येच शोभतात हा समज या अल्बमने मोडला. तोवर भव्य वाद्यवृंद बहुधा शहरी, श्रीमंत नायकाच्या वाट्याला येत असे. येथे तो विहिरीत उडी मारणाऱ्या आणि उसाच्या रानातून धावणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला आला, आणि त्यांच्या प्रेमाला तेवढ्याच मोठ्या आवाजाचा अधिकार आहे असे संगीताने ठरविले. हीच गाणी पुढे बेंजो पार्टीने आपल्या वाद्यांवर उतरविली आणि डॉल्बीवाल्यांनी आपल्या ठेक्यात बसविली, तरी चाल ओळखू येत राहिली, यावरून मूळ रचनेची पक्केपणाने झालेली बांधणी लक्षात येते.

पावसाळ्याचा अल्बम म्हणून मराठी श्रोता १९९८च्या 'गारवा'चे नाव घेतो. सौमित्र, म्हणजे किशोर कदम, यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत व स्वर असलेल्या या संचात गाण्यांना जोडणारे काव्यवाचन आहे, आणि त्यामुळे तो सुट्या गाण्यांपेक्षा सलग ऐकण्यातच अधिक खुलतो. मात्र सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडविल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात, येते आणि येथील भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. म्हणून जूनमध्ये पुण्या-मुंबईत जो अल्बम अनुभवाचे वर्णन म्हणून ऐकला जातो, तो येथे पुष्कळदा नुसत्या अपेक्षेने ऐकला जातो. यादीत त्याला स्थान द्यावे, पण वरचे नव्हे. त्याचा ऋतू या जिल्ह्याच्या ऋतूशी पुरता जुळत नाही.

या कसोटीवर एक आक्षेप रास्त आहे. परत येणे हाच गुण मानला तर नव्याला जागा उरत नाही, आणि सवयीलाच रसिकता समजण्याचा धोका संभवतो. शिवाय आज गाणे एकेकटे प्रसिद्ध होते. दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याच्या काळातच कॅसेटची अ आणि ब बाजू विस्मरणात गेली होती, आणि यूट्यूबने उरलासुरला क्रमही मोडला. परंतु या आक्षेपाचे उत्तर 'सैराट'नेच दिले आहे, कारण तो एकेकाळी नवाच होता आणि पुढच्या लग्नसराईत परतला म्हणून टिकला. उलट मोठ्या जाहिरातीनिशी आलेले कित्येक संच दुसऱ्या वर्षी कोणाला आठवतही नाहीत. त्यामुळे ही कसोटी नव्याला दार बंद करीत नाही, तर फक्त निकालाला एक वर्ष थांबायला लावते.

या विचाराने सोलापूरची यादी केल्यास पहिले स्थान प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलगीतांच्या आणि भीमगीतांच्या संचांना एकत्रितपणे द्यावे लागते, कारण वर्षातील दोन परस्परभिन्न दिवसांवर अधिकार सांगणारा दुसरा आवाज या पंचांगात नाही. त्यानंतर 'अभंगवाणी', मग 'सैराट', मग 'गीतरामायण' आणि शेवटी 'गारवा' असा क्रम लागतो. 'गीतरामायणा'ला खालचे स्थान देणे काहींना रुचणार नाही. परंतु त्याचे ऐकणे प्रामुख्याने घरात आणि सभागृहात राहिले, रस्त्याने त्याला तितके स्वीकारले नाही, आणि सोलापूरचे संगीत मुख्यतः रस्त्यावर ऐकले जाते. सरत्या वर्षाच्या नव्या अल्बमांसाठी या यादीखाली एक ओळ कोरी ठेवणे उचित होय. ती भरायची की नाही हे पुढच्या वर्षीच्या मिरवणुका, वराती आणि दिंड्या ठरवितील, आणि समीक्षकाने तो निकाल नोंदवून त्याची कारणे शोधावीत, एवढेच त्याचे काम आहे.