पहिला सेट छंदाचा, दुसरा धंद्याचा



"ताई, माझे दागिने सगळ्यांना आवडतात. धंदा सुरू करू का?" प्रत्येक ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं: तस्साच दुसरा करून दाखवा.

भिसेगावच्या माझ्या दुकानात एका मैत्रिणीने रेशीम धाग्याच्या बांगड्या ठेवल्या होत्या. गडद राणी रंगापासून फिक्या गुलाबीपर्यंत उतरत जाणारी शेड. पहिला सेट दोन दिवसांत गेला. मग हळदीसाठी तसेच सहा सेट हवेत म्हणून ऑर्डर आली. पण धागे होते उरलेसुरले, शेड नंबर कुठे लिहिलेला नाही. नवीन सेट वेगळेच दिसले, ऑर्डर गेली. चूक माझीही होती. वही ठेव, असं मी तिला आधीच सांगायला हवं होतं.

येवल्याच्या पैठणीतला धूपछाव रंग बघा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हललं की रंग बदलतो. कुठला धागा कुठे, हे विणकराला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तीच साडी पुन्हा विणू शकतो. कला तीच, फक्त तिला हिशोबाची जोड आहे.

फोटोचंही तेच. रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढून वर फिल्टर लावला, की राणी रंग जांभळा दिसतो आणि पार्सल परत येतं. सकाळी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर, रोज त्याच जागी फोटो काढा. फिल्टर बंद.

आता दर. समजा सामान 80 रुपयांचं, वेळ तीन तास. तासाला फक्त 60 धरले तरी खर्च 260. तुम्ही 150 ला विकता. शेजारीण खूश, तुम्ही 110 ने तोट्यात! आणि भुलेश्वरला सामान आणायला कर्जत लोकलने गेलेला अख्खा दिवस यात धरलेलाच नाही.

हे सगळं नको वाटत असेल तर छंद छंदच राहू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट, तोट्यातला धंदा छंदाचा आनंदही घालवतो.

या आठवड्याचा होमवर्क: एकच डिझाइन तीनदा करा. शेड नंबर, वेळ, खर्च वहीत लिहा. तिन्ही शेजारी ठेवून अनोळखी माणसाला दाखवा. फरक सांगता आला नाही, तर खुशाल व्हिजिटिंग कार्ड छापायला टाका!